डबा फुटल्यावर उरलेल्या ओळी

वनिताताई, ज्या चावीने त्यांनी तुला मारलं ती पोलिसांना चारीत, कालव्याच्या लहान फाट्यात, सापडली. कालव्याचं गेट फिरवायची लोखंडी चावी, हातभर लांब, एका टोकाला चौकोनी भोक असलेली. पाण्यात फेकली की सगळं धुऊन जाईल असं त्यांना वाटलं असणार. पण चारीत पाणी नव्हतं. कालव्याला पाणी सोडायचं आवर्तन संपून दोन दिवस झाले होते. चावी गाळात उभी रुतली होती आणि तिच्या भोकात तुझे केस अडकलेले होते.

हे लिहायला नको होतं, असं इथले सगळे म्हणतील. दशक्रियेला ते तुझ्याबद्दल बोलत होते तेव्हा मी मागे, चपलांच्या ढिगापाशी उभी होते. एकाने तुला मनमिळाऊ म्हटलं. दुसऱ्याने तुला संस्थेचा आधारवड म्हटलं. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की मी ओठ आतून चावला, रक्ताची चव येईपर्यंत. तू मनमिळाऊ नव्हतीस. माझ्या दिशेने तू स्टीलचा पेला भिरकावला होतास. तो माझ्या कानाजवळून जाऊन तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर आदळला आणि भिंतीचा पोपडा पडला. मी एक शब्द बोलले नाही. त्यानंतर एकवीस दिवस आपण बोललो नाही, आणि बाविसाव्या दिवशी तू मेलीस.

मी कमी बोलते हे तू पहिल्याच भेटीत ओळखलं होतंस. नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात रविवारी प्रोग्रामर लोकांची बैठक होती. मी नुकतीच नोकरीला लागलेली, शेवटच्या रांगेत, बॅग मांडीवर घेऊन. सगळे इंग्रजीत बोलत होते. तू उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "मला इंग्लिशमधून भांडता येत नाय, म्हणून मराठीतून सांगते. लय सोपं हाय." आणि पडद्यावर तुझा 'फळा' उघडलास.

पिंपळगाव बसवंतहून आत तुझं गाव. तुमच्या पाणी वापर संस्थेच्या ऑफिसबाहेर पूर्वी खराखुरा काळा फळा होता. कालव्याला पाणी सुटलं की कोणत्या गेटची पाळी किती वाजता, हे पाटकरी कचरूनाना त्यावर खडूने लिहायचे. ज्याला पटलं नाही तो ओल्या बाहीने पुसायचा आणि स्वतःची वेळ लिहायचा. दर उन्हाळ्यात एखादं डोकं फुटायचं. तुझ्या वडिलांचा उजवा हात त्या फळ्यासमोरच मोडला, फावड्याच्या दांड्याने, आणि तो पुढे कधी सरळ झाला नाही. तू नाशिकला अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी परतलीस, संस्थेची सचिव झालीस आणि हा प्रोग्राम लिहिलास. एकच पान, सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी उघडं. कुणीही लिहावं, लिहिलेलं सगळ्यांना त्याच क्षणी दिसावं. प्रत्येक ओळीपुढे नाव आणि वेळ. पुसायची सोय नाही. चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची. ओपन सोर्स म्हणून तू तो साऱ्या जगाला खुला करून टाकलास, आणि केरळातला कुणी शाळामास्तरही आपल्या वर्गात तो वापरू लागला.

"पुसता येत नाय, म्हणून मारामारी नाय," तू त्या बैठकीत म्हणालीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले. बराच वेळ. शेवटी तूच म्हणालीस, "काय गं, बोलायचंय का नुसतं उभं राहायचंय?"

"तुमच्या कोडमध्ये… म्हणजे, क्लायंट आणि सर्व्हर वेगळे नाहीत."

"एकत्रच हायेत. मंग?"

"वेगळे हवेत."

तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. "कोणत्या शाळेतली तू?" मी नाव सांगितलं. "कॉन्व्हेंट!" तू म्हणालीस आणि इतक्या मोठ्याने हसलीस की लोक वळून बघायला लागले. तेव्हापासून तुझ्या तोंडी माझं तेच नाव.

आपला हा वाद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सोपं करून लिहिते. सर्व्हर म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवलेला, इन्व्हर्टरला जोडलेला छोटा कॉम्प्युटर. गाव त्याला डबा म्हणायचं. क्लायंट म्हणजे प्रत्येकाच्या फोनवर दिसणारा भाग. तुझ्या फळ्यात हे दोन्ही एकाच प्रोग्रामचे अवयव होते, एकमेकांत गुंतलेले. फोन नुसती खिडकी. खिडकीतून डब्यात बघायचं, डब्यात लिहायचं. फोनमध्ये स्वतःचं असं काही उरायचं नाही. माझं म्हणणं होतं, दोघांना कापून वेगळं करावं. फोनमधल्या भागाने प्रत्येक ओळीची प्रत स्वतःजवळ ठेवावी, रेंज नसतानाही लिहून घ्यावं. डब्याने फक्त निरोप्याचं काम करावं, इकडची ओळ तिकडे. मग एक डबा गेला तरी दुसरा लावता येईल.

तुला ते कधीच पटलं नाही.

"चाळीस फोनमधी चाळीस प्रती? मंग खरी कोणती?"

"सगळ्या सारख्याच असतील ताई."

"आज असतील. उद्या एकानं आपल्या फोनमधी फिरवाफिरवी केली आन म्हनला माझीच खरी, मंग? पुन्हा फावडे काढायचे?"

"पण डबाच फुटला तर?"

"कोन फोडतंय? मी हाये ना तिथं."

तू खरंच तिथे असायचीस. सकाळी नऊला कुलूप उघडायचीस, कपाटाला पाठ लावून बसायचीस.

चार महिने मी रोज सकाळी नोकरीला जायच्या आधी दोन तास तेच काम केलं. तुझा प्रोग्राम कापणं म्हणजे कसाईकाम होतं. कुठेही सुरी लावली की दुसरीकडून रक्त यायचं. पाळीची वेळ दाखवणाऱ्या बटणाच्या पोटात तू ओळी साठवायचा भाग लिहिलेला, नाव विचारणाऱ्या चौकटीत कुलपाचा. एकेक शीर सोडवत मी दोन धडं वेगळी केली, त्यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं ते लिहून काढलं आणि हा बदल स्वीकारावास म्हणून तुझ्याकडे विनंती पाठवली.

तू त्यावर बहात्तर शेरे मारलेस. सगळ्यांना दिसतील असे, उघड्यावर. 'हे कोणी सांगितलं होतं?' 'इथे तुझं डोकं कुठे होतं?' 'हे वाचून मला मळमळलं.' आणि शेवटी एका ओळीत विनंती बंद करून टाकलीस: 'नको. फळा एकच राहील.' मी उत्तर लिहिलं. लांबलचक, जहरी. त्यात मी तुझ्या वडिलांच्या हातापर्यंत गेले होते. मग सगळं पुसलं. मी जे जे भांडले ते असं पुसलेलंच असायचं.

पण एक गोष्ट मी तुला न विचारता केली होती.

कालव्यावर रेंज नसते. कचरूनाना गेटागेटाने चालत जायचे, प्रत्येक ठिकाणी नोंद करायचे, आणि खिडकी पांढरी व्हायची, लिहिलेलं जायचं. या उन्हाळ्यात वरच्या गेटवाल्यांपैकी काही जण कुलूप तोडून पाळी नसताना पाणी घेऊ लागले. खाली शेवटच्या गेटपर्यंत पाणी पोचेना. खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागा नव्याने फुटायच्या ऐवजी जागीच वाळायला लागल्या. नाना वरच्या गेटपाशी उभे राहून ते लिहायचे आणि त्यांच्या समोर लोक पाण्यात पाय सोडून हसायचे. नाना डोळे दाखवायला नाशिकला आले होते तेव्हा मला भेटले.

"पोरी, म्या लिहितो आन हे गिळून टाकतंय," ते फोन माझ्यापुढे धरून म्हणाले. "ते म्हनतेत, लिव्ह म्हाताऱ्या, वाऱ्यावर लिव्ह. काहीतरी कर ना."

मी त्यांच्या फोनवर माझा वेगळा केलेला क्लायंट बसवला. माझ्या फोनवर तो होताच. तुझ्या जुन्या डब्याशी त्याला बोलता येईल एवढी सोय मी ठेवली होती.

त्या आवर्तनात वरच्या गेटची एकेक चोरी फळ्यावर आली. कुलूप कधी तुटलं, गेट किती वेळ उघडं होतं, कोण उभं होतं. तू खूश होतीस. मग तुझ्या लक्षात आलं की नानांच्या ओळी तासाभराने गठ्ठ्याने येताहेत. तू नानांचा फोन तपासलास आणि मला बोलावून घेतलंस.

"माझ्या माघारी? माझ्या डब्याला माझ्या माघारी भोक पाडलं तू?"

"नानांना गरज होती."

"आन मला विचारायला तोंड नव्हतं?"

मी बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला.

"बोल ना! कॉन्व्हेंटात तोंड शिवून पाठवतेत का?"

तेव्हा पेला आला.

बोलले असते तर काय बोलले असते, ते आता सांगते. आमच्या घरी सगळे हळू बोलतात. रागावले तर आणखी हळू. माझ्यावर असं तोंडावर, नाव घेऊन कुणी कधी ओरडलेलं नव्हतं, आणि मला ते हवंहवंसं वाटायचं. तू ओरडायचीस तेव्हा मी समोर आहे हे तुला दिसतंय असं वाटायचं. मला तुझी भीती वाटायची आणि तरी दर शनिवारी मी बस पकडून पिंपळगावला यायचे. हे एक वाक्य बोलायला मला काय झालं होतं? मी बॅग उचलली, भिंतीचा पडलेला पोपडा ओलांडला आणि निघाले. तू मागून म्हणालीस, "जा! जा तिकडं!" ते तुझ्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं.

बाविसावा दिवस उजाडला. संस्थेची सभा दुसऱ्या दिवशी होती. फळ्यावरच्या नोंदी वाचून वरच्या गेटला पुढच्या आवर्तनासाठी सील लावायचं ठरणार होतं. नोंदी डब्यात, डबा कपाटात, कपाटाला पाठ लावून तू. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. चोऱ्या करणाऱ्यांना फक्त एका ठिकाणी जायचं होतं.

दुपारी साडेतीनला मी कंपनीच्या कँटीनमध्ये होते. फोन वाजला. फळ्यावर तुझी ओळ येत होती. तू टाइप करशील तसं अक्षर अक्षर दिसायचं, ती सोय तुझीच.

'दारात चार जण. गेटची चावी घेऊन आलेत.'

मग तिघांची नावं, एकाखाली एक, बापाच्या नावासकट, तू पाळीपत्रकात लिहायचीस तशी. ती मी इथे लिहीत नाही.

'आतून कडी लावली. दार टिकणार नाही.'

मी लिहिलं, 'ताई मागच्या खिडकीतून जा.'

'खिडकीला गज आहेत. मधे लिहू नको. नुसतं ठेव.'

मी शेजारच्या मुलीच्या हातातून तिचा फोन हिसकावला आणि पोलिसांना लावला. पलीकडून गाव विचारलं. माझा आवाज फुटेना. मी दोनदा नुसतं हॅलो म्हटलं. तिसऱ्यांदा गाव सांगितलं, तेही इतक्या हळू की पलीकडचा माणूस म्हणाला, "मोठ्याने बोला मॅडम, काय झालंय?" माझ्या डाव्या हातात तू लिहीत होतीस.

'फळी फुटली. चावीने मारताहेत.'

'तिघं आत. कपाट ओढताहेत. मी मधे आहे.'

'चौथ्याने तोंड बांधलंय. पण चालण्यावरून'

बस. कर्सर तिथे लुकलुकत राहिला. मग वर अक्षरं उमटली: सर्व्हरशी संपर्क तुटला. तुमच्या प्रतीत सर्व ओळी सुरक्षित आहेत.

हे वाक्य मी लिहिलं होतं, ताई. चार महिन्यांपूर्वी, एका सकाळी, चहा पिता पिता. वाचणाऱ्याला धीर वाटावा म्हणून दोनदा सुधारलंही होतं. मी फोन टेबलावर आपटायला हात वर नेला. तेवढ्यात लक्षात आलं की तू आता त्यातच आहेस. हात तसाच वर राहिला. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, कुणाला मारतेयस?"

त्यानंतर तुझ्या गावातल्या बाकीच्यांपैकी ज्याने ज्याने फळा उघडला त्याला पांढरं पानच दिसलं. खिडक्याच त्या. डबा त्यांनी इतका ठेचला होता की त्याचे तुकडे बादलीत भरून न्यावे लागले. तुझा फोन टाचेखाली चिरडला. तुझ्या डोक्यावर, खांद्यावर आणि हातांवर मिळून डॉक्टरांनी नऊ घाव लिहिले. हातांवरचे सगळे बाहेरच्या बाजूला आहेत. म्हणजे तू शेवटपर्यंत हात वर धरले होतेस.

नंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला झोपू देत नाही. नानांच्या फोनमध्ये काय आहे हे कळल्यावर तू ते एका ओळीत बंद करू शकली असतीस. ती जागा तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. एकवीस दिवस तू ते बंद केलं नाहीस. त्या दुपारी फळ्याच्या कोपऱ्यात तुला दोन नावं जोडलेली दिसत होती, नानांचं आणि माझं, आणि आपापली प्रत ठेवणारे दोघंच आहेत हे तुला माहीत होतं. तू कुणालाही फोन केला नाहीस. तू लिहिलंस. कधी वाटतं, माझी चार महिन्यांची मेहनत तू त्या चार मिनिटांत स्वीकारलीस. आणि कधी वाटतं तुला दंडाला धरून गदागदा हलवावं. अगं, ओरडायचंस ना! एवढा मोठा आवाज होता तुझा, एका पेल्यासाठी अख्खी गल्ली गोळा व्हायची, तो आवाज त्या दिवशी कुठे ठेवला होतास?

तपास करणाऱ्या साहेबांनी माझा फोन बघितला. चांगले होते ते, चहा मागवला.

"मॅडम, प्रोग्राम तुम्ही लिहिलेला. फोन तुमचा. उद्या त्यांचा वकील म्हणेल, ओळीही तुमच्याच. दुसरीकडे कुठे आहे का हे?"

मंग खरी कोणती? खुर्चीतल्या खुर्चीत मला तुझा आवाज ऐकू आला. मेल्यावरही तू वाद जिंकलीस असं वाटून मला तुझा भयंकर राग आला.

दुसरी प्रत नानांकडे होती, आणि नाना त्या दिवसापासून कुणाला दिसले नव्हते. मी त्यांच्या घरी गेले. दारावर कुऱ्हाडीचे दोन ताजे घाव होते, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. नानी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"नाय ते घरी."

"नानी, मी वनिताताईची…"

"माहितीय कोन तू. तूच ते घातलं ना त्यांच्या फोनमधी? ह्यांना वर पाठवल्यावर सुटशील का?"

मी परत फिरायला हवं होतं. माझी सवय तीच. पण माझे पाय ओट्यावर बसले आणि मी बोलायला लागले. बंद दाराकडे बघून, आत नाना ऐकताहेत असं धरून. त्या दुपारी मी काय वाचलं ते ओळीओळीने सांगितलं. पोलिसांशी मला बोलता आलं नाही तेही सांगितलं. मध्येच रडले, नाक पुसलं, परत बोलले. नानी आधी उभी होती, मग उंबऱ्यावर बसली.

आतून आवाज आला. "पोरी, मला मारतील ना गं."

"हो नाना," मी म्हटलं. "मारतीलही." खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"मंग कशाला देऊ?"

"तुम्ही वाचताय हे बघून तिनं लिहिलं, नाना."

मग बाजरीच्या कोठीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. नाना बाहेर आले. दाढी वाढलेली, हात कोपरापर्यंत पिठूळ. त्यांनी फोनवरची बाजरी फुंकली आणि तो माझ्या ओंजळीत ठेवला. नानीने कपाळावर हात मारून घेतला, पण त्यांना अडवलं नाही.

तिथून मी तुझ्या घरी गेले. तुझा भाऊ बंडूदादा एकटाच होता. दोन्ही फोन लॅपटॉपला जोडून मी प्रती शेजारी शेजारी लावल्या. ओळ ओळ जुळत होती, नाव, वेळ, सगळं, त्या अर्ध्या ओळीपर्यंत. बंडूदादा माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने ते पहिल्यांदाच बघितलं.

"चालण्यावरून," तो म्हणाला. "आख्ख्या शिवाराला माहितीय एक खांदा पाडून कोन चालतं."

"मलाही माहितीय."

"मंग टाक की नाव."

मी वर बघितलं.

"दोन्ही फोन तुझ्या हातात हायेत. प्रोग्राम तुझा. कोनाला कळतंय? टाक!"

कुणालाच कळलं नसतं. पाच मिनिटांचं काम होतं. आणि मला टाकायचं होतं. तू मला साधी पोर समजायचीस, म्हणून सांगते. तो माणूस दशक्रियेला आला होता. माझ्यापासून चार हातांवर उभा होता. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा त्यानेही सगळ्यांबरोबर हात जोडले, आणि कुणीतरी "वनिता, तुझी इच्छा पूर्ण करू" म्हणालं तेव्हा त्यानेही मान हलवली. तेव्हापासून मी रोज मनात त्याला मारतेय. त्याच चावीने, त्याच जागी, नऊ वेळा, सावकाश. माझी बोटं कीबोर्डवर होती. अर्ध्या ओळीच्या टोकाशी कर्सर उभा होता.

पण चौथं नाव मी लिहिलं की पहिली तिन्हीही माझीच झाली असती. तू कडीमागे उभी राहून लिहिलेली तीन नावं.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाय?"

"नाही लिहिणार."

त्याने लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं. एकदा, आणि मग अंगाचा भार देऊन पुन्हा. मी किंचाळले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मग बंडूदादाने स्वतःच्या हातांकडे बघितलं, मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. थोड्या वेळाने उठला, माठातलं पाणी माझ्या बोटांवर ओतलं, तुझ्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली, आणि दोन्ही फोन रुमालात गुंडाळून म्हणाला, "बस गाडीवर. सोडतो चौकीला." दोन नखं काळी पडलीत. हे मी आठ बोटांनी लिहितेय.

केरळच्या मास्तरांनी विचारलंय, फळा पुढे चालणार का. तुझ्या माघारी त्या प्रोग्रामचा कारभार माझ्याकडे आलाय. माझी ती विनंती अजून तुझ्या 'नको'खाली बंद पडून आहे. ती उघडायचा अधिकार आता मला आहे. मी उघडलेली नाही. एकाच जागी सगळं ठेवलंस म्हणून तू गेलीस, असं मी म्हणते. माझी एकटी प्रत कुणी खरी मानली नाही, असं तू म्हणशील. तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून मी जिंकले, असं मला नको आहे.

काल पंचांसमोर नोंद झाली. साहेबांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तुम्ही वाचा. एक ओळ तुमच्या फोनवरून, तीच नानांच्या फोनवरून. मोठ्याने." नाना माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते. ते आले होते, ताई. बंडूदादा दाराबाहेर उभा होता.

मी पहिली ओळ वाचली. "ऐकू येत नाही," एक पंच म्हणाला. मी उभी राहिले आणि पुन्हा वाचली. तिन्ही नावं बापाच्या नावासकट वाचली, दोनदोनदा. दार, खिडकी, फळी, कपाट. बाहेरच्या बाकावरचे लोक बोलायचे थांबले. मग ती शेवटची ओळ आली. एका फोनवरून वाचली, दुसऱ्या फोनवरून वाचली आणि थांबले.

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"चालण्यावरून… पुढे?"

"पुढे नाही."

"असं कसं? चालण्यावरून काय? कोण होता?"

"तेवढंच आहे, साहेब," मी म्हटलं. "पुढे त्यांनी तिला मारलं."